पानडब्यावरचे अकरा खडे

नगर (नवं नाव अहिल्यानगर, पण आत्याला नगरच सांगा),
गुरुवार, ६ मार्च २०२५

ती. झुंबरआत्यास,

मोनिकाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. समोर असले की तू पाय मागे ओढतेस आणि "पुरं गं, शिकल्याली हायेस तू" म्हणतेस, म्हणून पत्रात तरी मला नीट वाकू दे. रेश्मावहिनींनाही नमस्कार, कारण शेजारधर्म म्हणून हेही पत्र त्याच तुला वाचून दाखवणार. वहिनी, एक विनंती आहे. पत्रात कंस आला की तिथला मजकूर मनात वाचायचा. मागच्या वेळी तुम्ही कंससुद्धा खणखणीत आवाजात वाचलेत आणि आत्या तीन दिवस माझा फोन घेत नव्हती.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली देव्हाऱ्याशेजारी नुसती ठेवून तिला हात जोडतेस? शेळी व्याली का? हातपंपाला पाणी आहे ना अजून? माझी तब्येत उत्तम आहे. ज्यांच्याकडे मी शिकते त्या डहाळेकाकांच्या पत्नी, बनुकाकू, मला दोन भाकरींनंतर उठू देत नाहीत. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू "जेवली का" विचारतेस आणि मी हो म्हटलं की काम झालं म्हणून ठेवून देतेस. शिवाय पत्र आलं की भिमाजीतात्या पोस्टमन आपल्या दाराशी गाडी लावतात आणि ते साऱ्या गल्लीला दिसतं, हेही तुला आवडतं हे मला माहीत आहे. तात्या दर वेळी तुझ्या हातचं पाणी पितात, मग तुझ्याकडे नीट निरखून बघतात आणि "तब्येत बरी हाय ना, झुंबरबाई?" असं दोनदा विचारतात. एवढी माया आजकाल कोण करतं, असं तू म्हणाली होतीस. खरं आहे.

आता मुद्द्याचं. पाडवा तीन आठवड्यांवर आला आहे. गेल्या पाडव्याला गुढी उतरवताना अण्णा मला काय म्हणाले ते तू ऐकलंच आहेस. "वरीसभर कर काय करायचं ते. मंग तलाठ्याच्या परीक्षेला बस, न्हाईतर मी स्थळं बघायला मोकळा." अण्णांचं चुकतं असं मी म्हणत नाही. आपल्या घरातली पहिली पदवी माझी. त्यांनी ऊसतोडीच्या टोळीतल्या प्रत्येकाला, मुकादमाला आणि कारखान्याच्या काट्यावरच्या कारकुनालासुद्धा सांगून ठेवलं आहे की पोरगी बीए झाली. आता तो कारकून दर खेपेला विचारतो, मग कुठं लागली नोकरीला, आणि अण्णांना सांगावं लागतं की नगरला एका सोनाराकडे लाख वितळवते. वर्ष संपलं. डहाळेकाका म्हणतात, खडे बसवणं आणि कोरणं हातात मुरायला अजून दोन वर्षं लागतील. ती दोन वर्षं अण्णांकडून मागून घेणारी जगात एकच व्यक्ती आहे आणि तिचा गुडघा दुखतो.

तू तुझी योजना सांगितलीस. अण्णा कारखान्यावरून येऊन हातपाय धुऊन बसले की माझ्या हाताने तुझं नाव घातलेला पितळी तांब्या तू भरून त्यांच्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचं, "बघ, आपल्या पोरीचं काम. माझं नाव हाय त्याच्यावर. या घरातल्या सगळ्या भांड्यांवर तुझं नाव न्हाईतर बापाचं. माझ्या नावाची ही एकच वस्तू हाय." ऐकून मला भरून आलं आणि काही बोलताच आलं नाही. तू समजलीस की बॅलन्स संपला. योजना चांगलीच आहे. ती थोडी बदलावी लागेल, एवढंच. का, ते पुढे येईल. आधी मला तुझ्या हाती दुसरा पुरावा द्यायचा आहे, म्हणून या वर्षातल्या प्रदर्शनांची हकिगत सविस्तर लिहिते.

पण हकिगत सुरू करायची तर ती तुझ्यापासूनच करायला हवी. मी दुसरीत होते, टोळीचा ट्रॅक्टर भरून उभा होता, आईने मला चढवलंही होतं, आणि तू मागून येऊन माझा हात धरून मला खाली घेतलंस. "ही न्हाई जायची. हिची शाळा हाय." तेवढंच बोललीस. पुढची तेरा वर्षं, दर दिवाळीनंतरचे पाच-सहा महिने, तू आणि मी. तुला अक्षर येत नव्हतं तरी रोज संध्याकाळी माझी पाटी हातात घेऊन "छान हाय" म्हणायचीस. (वहिनी, ती पाटी पुष्कळदा उलटी धरलेली असायची.) तेव्हा मी बीए झाले त्यातली निम्मी पदवी तुझी आहे आणि मी तसं कॉलेजच्या निरोप समारंभात भाषणातही म्हटलं होतं. पण ते भाषण बावीस मिनिटं चाललं आणि हा भाग एकविसाव्या मिनिटाला आला, त्यामुळे फार कुणी ऐकलं नाही.

दुसऱ्या वर्षाला असताना मी शेवगावच्या बाजारात छगनशेठच्या भांड्यांच्या दुकानात नावं घालायला जात होते, ते तुला आठवतंच. लग्नसराईत लोक लग्नासाठी भांडी घेतात, पण मी लागले ते दिवस लग्नाचे नव्हते. त्या दिवसांत भांडी घ्यायला येणारा प्रत्येक माणूस डोकं भादरलेला असायचा. कुणाचं दहावं, कुणाचं वर्षश्राद्ध, आणि पाहुण्यांना वाटायला तांबे. पहिल्या महिन्यात मी साडेतीनशे तांब्यांवर आधी "कै.", मग नाव, मग "यांच्या स्मरणार्थ" असं घातलं. नाव तेवढं बदलायचं. पुढे हात असा बसला की नाव संपलं की मशीन आपसूक पुढचे शब्द ओढायचं आणि मी मनात दुसऱ्या दिवशीच्या पेपरातल्या प्रश्नांची उत्तरं म्हणत बसायचे. महिना भरल्यावर छगनशेठनी एक तांब्या मला घरी न्यायला दिला आणि त्यावर घाईघाईने मी तुझं नाव घातलं. तोच हा तुझा तांब्या.

बीए झाल्यावरही मी तिथेच होते आणि असाच एक दहाव्याचा तांब्या गेल्या वर्षी डहाळेकाकांच्या हातात पडला. त्यांच्या चुलतसासऱ्यांचं दहावं आपल्या तालुक्यात होतं. सगळे लोक गंभीर चेहऱ्याने जेवत होते आणि काकांनी खिशातून भिंग काढून तांब्यावरचं अक्षर बघायला सुरुवात केली. (बनुकाकू सांगतात, त्या क्षणी त्यांना जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.) जेवण झाल्यावर हात धुऊन ते तडक शेवगावला छगनशेठच्या दुकानात आले आणि मला म्हणाले, "मशीन बंद कर. हातानं एक 'ल' काढून दाखव." मी काढला. ते म्हणाले, "बरं." मग विचारलं, "मनगट कुणाचं हाय?" मी सांगितलं, आईचं. आई ऊस बुडख्यातून एका घावात तोडते, दुसरा घाव घालत नाही. ते परत म्हणाले, "बरं." काकांच्या तोंडून "बरं" म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. चाळीस वर्षांत त्यांनी "छान" हा शब्द वापरलेला नाही. "बरं" ही त्यांची शेवटची पायरी आहे, त्याच्या आधी "चालंल", आणि त्याच्याही आधी ते नुसते नाकातून श्वास सोडतात.

सराफ बाजारामागच्या गल्लीत त्यांची बारा फुटांची खोली आहे. तिथे मी पहिले आठ महिने लाख तापवून तिच्यात दागिना पक्का बसवणं, छिन्न्यांना धार लावणं आणि तांब्याच्या पट्टीवर सरळ रेघ ओढणं एवढंच केलं. त्यानंतर हाताने अक्षर कोरायला मिळालं, पण खड्याला अजूनही हात लावायचा नाही. खडा ज्या खोबणीत बसतो ते त्याचं कोंदण, आणि काका म्हणतात की खडा बसवायला शिकायचं नसतं, आधी त्याला घर बांधायला शिकायचं असतं. मी हे वाक्य वहीत लिहून घेतलं. मी त्यांची सगळी वाक्यं वहीत लिहून घेते, त्यात "खिडकी लाव, लाख गार होती" हेही आहे, कारण कोणतं वाक्य पुढे उपयोगी पडेल सांगता येत नाही.

पहिलं प्रदर्शन ऑगस्टमध्ये संगमनेरला एका मंगल कार्यालयात झालं. बाहेरगावचे सराफ येतात, टेबलं मांडतात, आणि काकांसारखे कारागीर तिथेच बसून काम करून दाखवतात. काकांचं सामान म्हणजे छिन्न्यांची पेटी, लाखेची शेगडी, स्वतःची उशी (खुर्चीवर ठेवायची) आणि बनुकाकूंनी दिलेल्या दशम्या. माझं सामान म्हणजे मी आदल्या आठवड्यात रंगवलेले तीन फलक. पहिल्यावर लिहिलं होतं, "कारागिराच्या हाताचा सन्मान करा." दुसऱ्यावर नगर जिल्ह्यातल्या कारागिरीचा इतिहास होता, पाच परिच्छेद. तिसऱ्यावर बाण होता, तो पहिल्या दोन फलकांकडे दाखवत होता. टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला मी उभी राहून माहिती द्यायला लागले. एक गृहस्थ फार लक्ष देऊन ऐकत होते, मान हलवत होते, मधेच काही विचारायला तोंड उघडत आणि थांबत. माझं श्रमप्रतिष्ठेपर्यंत आलं तेव्हा त्यांना राहवेना आणि त्यांनी विचारलं की बाथरूम कुठे आहे. दुपारपर्यंत आमच्या टेबलाच्या डाव्या उजव्या बाजूला गर्दी आणि मधे आम्ही दोघं. काकांनी दुसरा फलक आडवा पाडला, त्यावर दशम्या ठेवल्या आणि म्हणाले, "जेव. हात बोलतो, त्याला बोलू द्यावं." हेही वहीत आहे.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. आत्या, मला या वर्षात एकदाही कुणी ओरडलेलं नाही. दागिना हातातून पडला, लाख बनुकाकूंच्या नव्या चादरीवर सांडली, नाशिकच्या प्रदर्शनात मी छिन्न्यांची पेटी शेजारच्या टेबलाची समजून शेजाऱ्याला देऊन आले आणि शेजाऱ्याची घेऊन आले, तरी काकांनी नाकातून श्वास सोडण्यापलीकडे काही केलं नाही. मी बाईमाणूस, त्यातून सोनार घरातली नाही, म्हणून बाजारातले दोघंतिघं त्यांना चिडवायचे. "काय डहाळे, आता उसाच्या फडातनं माणसं आणता का?" काका म्हणाले, "व्हय. तिथली माणसं वाकून काम करत्यात. तुझ्याकडचा पोरगा लवत न्हाई." त्या दिवशी मी घरी येऊन रडले, पण ते चांगलं रडणं होतं, त्याची काळजी करू नकोस.

आता पुण्याचं. मागच्या रविवारी पुण्याला राज्यभरातल्या कारागिरांचं मोठं प्रदर्शन होतं. उद्घाटनाला प्रमुख पाहुणे रामहरीशेठ, वय एक्याऐंशी, मोठे सराफ, दोन महिन्यांपूर्वीच हृदयाचं ऑपरेशन होऊन घरी आलेले. कारागीर मंडळाने त्यांना द्यायला चांदीचा पानडबा आणला होता, चांगला जाड झाकणाचा. झाकणावर मजकूर लोकांसमोर कोरायचा आणि तो डहाळेकाकांनी कोरायचा, असं ठरलेलं. सकाळी दहाला काकांनी डबा लाखेत बसवला, मजकुराची चिठ्ठी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तू कोर." एवढ्या लोकांत, चांदीवर, मशीन न घेता. माझे कान गरम झाले. मला वाटलं, हा माझ्या आयुष्यातला एक ऐतिहासिक क्षण आहे, आणि तिथेच सगळं बिघडलं, कारण ऐतिहासिक क्षणी मी चिठ्ठीकडे न बघता अण्णांचा, आईचा आणि तुझा विचार करायला लागले.

लोक जमले. मोबाईल वर झाले. मी एक एक अक्षर काढत गेले आणि खरंच सांगते, हात इतका सुंदर कधी चालला नव्हता. शेवटी मी छिन्नी खाली ठेवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी वाकून नमस्कार केला. काकांनी भिंग डोळ्याला लावलं. मी "बरं"ची वाट बघत होते. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "सावकाश वाच." चिठ्ठीवर होतं, "श्री. रामहरीशेठ यांना कारागीर मंडळाकडून सप्रेम भेट." झाकणावर होतं, "श्री. रामहरीशेठ यांच्या स्मरणार्थ कारागीर मंडळाकडून सप्रेम भेट."

आत्या, मी त्या हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला जिवंतपणी दहाव्याचं भांडं तयार केलं होतं.

सव्वाअकरा वाजले होते. बाराला पाहुणे येणार होते. चांदी घासून अक्षर काढायचं म्हटलं तर माझी रेघ खोल, झाकणाला खड्डा पडला असता. मी काकांना सांगितलं की मी पाहुण्यांसमोर उभी राहून चूक कबूल करते, सत्य लपवू नये असं मला वाटतं, आणि मग मी इथून सरळ शेवगावला जाते. काकांनी विचारलं, "झालं बोलून?" मी हो म्हटलं. "मंग लाल खड्यांची डबी काढ." त्यांनी झाकण पुन्हा लाखेत धरलं, "यांच्या स्मरणार्थ" या शब्दांवर बोट ठेवलं आणि मोजलं. अकरा खडे. पहिलं घर त्यांनी छिन्नीने खोदलं, खडा ठेवला, कडेची चांदी दाण्यासारखी उचलून खड्यावर दाबली. "यां" झाकला गेला. मग छिन्नी माझ्याकडे दिली. मी म्हटलं, मला खड्याला हात लावायची परवानगी नाही. ते म्हणाले, "चूक तुझी हाय ना? मंग घरं तू बांध."

आयुष्यातला पहिला खडा मी असा बसवला. पुढे एक त्यांनी, एक मी. बारा वाजले. पाच खडे झाले होते. कॉलेजात असताना मी "पाहुणे वेळेवर का येत नाहीत" या विषयावर वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस घेतलं आहे, त्यात मी वेळ न पाळणाऱ्या पाहुण्यांना समाजाचे शत्रू म्हटलं होतं. त्या दिवशी मी मनातल्या मनात ते सगळं भाषण मागे घेतलं आणि रामहरीशेठना रस्त्यात ओळखीची माणसं भेटोत अशी प्रार्थना केली. भेटली असावीत. ते पावणेदोनला आले. दहावा खडा माझा होता, अकरावा काकांचा, आणि तो बसला तेव्हा बाहेर सनई लावली होती.

झाकणावर आता "श्री. रामहरीशेठ", मग अकरा लाल खड्यांची ओळ, मग "कारागीर मंडळाकडून सप्रेम भेट" असं दिसत होतं. जणू पहिल्यापासून तसंच ठरलेलं. मंडळाचे अध्यक्ष तर भाषणात म्हणाले की पाहुण्यांच्या तेजस्वी वाटचालीचं प्रतीक म्हणून हे खडे आहेत. मी खाली बघत होते. रामहरीशेठनी डबा हातात घेतला, त्यांच्या खिशातून त्यांचं भिंग निघालं (वहिनी, आमच्या धंद्यात सगळ्यांच्या खिशात भिंगं असतात, हे मी विसरले होते) आणि ते बघत राहिले, बघत राहिले. पाचव्या खड्याखालून एका अक्षराचं शेपूट बाहेर राहिलं होतं. मग त्यांनी विचारलं, कोरलंय कुणी? काका म्हणाले, "माझ्या हाताखालच्या पोरीनं. खडे आम्ही दोघांनी." म्हणजे दोष सगळा अंगावर आला असता तर तोही निम्मा त्यांनी आधीच उचलून घेतला होता. रामहरीशेठनी मला जवळ बोलावलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पोरी, दोन वर्षं थांबली असतीस तर खडे लावायची गरज पडली नसती."

आणि हसायला लागले. त्यांचा मुलगा धावत आला, डॉक्टरांनी जास्त हसू नका सांगितलं होतं म्हणे. ते हसत हसतच माईकवर गेले आणि म्हणाले की मीही याच कामातनं वर आलोय, नुसती चूक झाकणारे पुष्कळ बघितले, चूक झाकता झाकता कामाची शोभा वाढवणारे थोडे, या मुलीला सोडू नका. लोकांना काही समजलं नाही, पण टाळ्या पडल्या. काकांनी तिथेच मंडळाच्या माणसाला सांगितलं की पुढच्या वर्षी आमच्या टेबलावर दोन नावं लावा, डहाळे आणि मोनिका. आत्या, तुझ्या भाचीचं नाव. त्या दिवसाचा फोटो पत्राच्या पाकिटात आहे. डबा हातात घेतलेले ते रामहरीशेठ, उशी काखेत असलेले ते काका, आणि डोळे मिटलेली ती मी.

परतीच्या एसटीत मी काकांना म्हटलं, तुमचे उपकार कसे फेडू? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आधी लाल खडे परत भर डबीत." शिरूरला चहा घेताना त्यांनी विचारलं, "असं पूर्वी कधी झालंय?" मी ताठ बसून सांगितलं, नाही, कधीच नाही, आयुष्यात पहिल्यांदाच. त्यांनी "बरं" म्हटलं आणि खिशातून त्यांचं जुनं भिंग काढून माझ्या हातात ठेवलं. पितळी कडेचं, त्यांच्या गुरूंनी त्यांना दिलेलं. मी ते लगेच डोळ्याला लावलं आणि जवळ होती ती एकुलती एक वस्तू बघितली. माझ्या पैशांच्या पाकिटातला तुझा फोटो.

तर आत्या, असं हे वर्ष गेलं. अण्णांना सांग की पोरगी लाख वितळवत नाही, घरं बांधते. सांग की पदवी वाया गेलेली नाही. काकांच्या खोलीत बसल्यावर मला पहिल्यांदा असं वाटलं की मी शिकलेलं आणि आईचं मनगट एकाच कामाला लागलं आहे. अण्णांनी नाही म्हटलं तर मी तलाठ्याच्या परीक्षेला बसेन, त्यांचा शब्द मोडणार नाही. पण माझं मन त्या बारा फुटांच्या खोलीत राहील, हे तुला सांगून ठेवते, कारण तुला न सांगता मी काही केलेलं नाही. अण्णा-आई आले की त्यांना माझा साष्टांग नमस्कार, शेळीला चार पानं जास्त, आणि तुझ्या गुडघ्याला माझी शपथ, तेल लाव.

तुझ्या हाताला धरून ट्रॅक्टरमधून उतरलेली,
मोनिका

ता. क. पाडव्याला अण्णांपुढे पुण्याचा फोटो ठेव. तांब्या ठेवू नकोस. फोटो पुरेसा आहे.

ता. क. दुसरा. तू कारण विचारल्याशिवाय राहणार नाहीस, म्हणून सांगते. दिवाळीत काढलेल्या त्या फोटोत तू तांब्या छातीशी धरून उभी आहेस. "नाव दिसू दे" म्हणून तूच तो फिरवून धरला होतास. नाव दिसतंय. भिंगातून आजूबाजूचंही दिसतं. वहिनी, इथून पुढचं मोठ्याने आणि सावकाश वाचा, आणि आत्याला आधी खाली बसवा. आत्या, छगनशेठकडच्या पहिल्या महिन्यात माझा हात कसा बसला होता ते मी वर लिहिलं आहे. तुझ्या तांब्यावर "कै. झुंबरबाई यांच्या स्मरणार्थ" असं आहे. म्हणजे, गेलेल्या झुंबरबाईंच्या आठवणीसाठी. पाच वर्षं झाली. पाच वर्षं तू त्या तांब्यातून ग्रामसेवकाला, आशाताईंना, बचत गटाच्या बायकांना पाणी पाजते आहेस, नाव त्यांच्याकडे करून. अण्णा सातवी शिकलेत, सावकाश वाचतात पण वाचतात. एरवी ते आपल्याच नावाच्या पेल्याने पाणी पितात म्हणून निभावलं. मला माफ कर. (वहिनी, तुम्ही दहावी पास आहात. लग्न होऊन आलात त्या वर्षी मला म्हणालात, "ताई, तांब्यावरचं अक्षर झकास हाय, मजकूर तेवढा…" आणि तेवढ्यात माझी एसटी आली. मी तुमचं वाक्य पूर्ण करून घ्यायला हवं होतं.)

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. पुढच्या शनिवारी रेश्मावहिनींचे हनुमंतभाऊ कांदा घेऊन नगरला येतील, त्यांच्या टेम्पोत तांब्या पाठव, मळक्या फडक्यात गुंडाळून, नाव आतल्या बाजूला. काकांना मी सोमवारी सकाळीच सगळं सांगितलं, शिरूरला दिलेलं उत्तर खोटं ठरलं म्हणून भिंगही परत पुढे केलं. त्यांनी भिंग घेतलं नाही. ते म्हणाले की पितळ पातळ असतं, खडे थेट बसवले तर पाणी गळेल, म्हणून चांदीची बारीक पट्टी करून तिच्यात खडे बसवायचे आणि ती वरून डाख देऊन जोडायची. मी विचारलं, एक तुम्ही, एक मी? म्हणाले, "न्हाई. सगळे तू. मी बघंन." "कै."वर एक आणि पुढच्या दोन शब्दांवर अकरा. मधे तुझं नाव तेवढं राहील. पाडव्याच्या आत परत पाठवते, मग खुशाल अण्णांपुढे ठेव.

ता. क. शेवटचा. हे पत्र घेऊन भिमाजीतात्या आले असतील आणि अजून पाणी पीत उंबऱ्यात बसले असतील, तर ते इतकी वर्षं तुझी तब्येत का विचारतात हे आता तुला कळलं. त्यांना सांग, झुंबरबाई अजून हाय, आणि पाडव्यापर्यंत पाणी पेल्यातून मिळंल.